लॅपटॉपची स्मृतिवृद्धी आणि उरलेला स्क्रू

लॅपटॉपमधली मेमरी, म्हणजे चारचौघांच्या भाषेतली रॅम, ही स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या जातीची वस्तू आहे. वर्षाचे गहू, तूरडाळ आणि पाहुण्यांसाठी जपलेले काचेचे कप कोठीत, फडताळात नाहीतर माळ्यावर राहतात. पण या घटकेला जे चिरायचे, मळायचे किंवा फोडणीला टाकायचे असते ते ओट्यावरच असावे लागते. लॅपटॉपात कोठीचे काम हार्ड डिस्क किंवा एसएसडी करते, स्वयंपाक प्रोसेसर करतो आणि ओटा म्हणजे रॅम. ओटा अरुंद असला की काय होते, हे वन रूम किचनमध्ये संसार केलेल्यांना शिकवावे लागत नाही. मिक्सर लावायचा तर पोळपाट उचलावा लागतो, पोळपाट मांडायचा तर दुधाचे पातेले खिडकीत जाते, आणि निम्मा वेळ स्वयंपाकाऐवजी भांडी हलवण्यात जातो. संगणकशास्त्रात या अवस्थेला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली तिची कारणे आणि उपाय यांवर शोधनिबंध लिहिला. गिरगावातल्या चाळींना ती त्याच्या बरीच आधीपासून ठाऊक होती.

कोठी आणि ओटा यांतला फरक मात्र लॅपटॉपच्या बाबतीत सहसा कोणी करत नाही. दोन्हींचे माप जीबीतच सांगतात, दोन्हींना ‘मेमरी’ म्हणतात आणि दोन्ही ‘फुल’ होतात. त्यामुळे घराघरांतून पुढील संवाद ऐकू येतो. संवादातला भाचा आयटीत असतो. तो हिंजवडीत बसून परदेशी विमा कंपनीच्या हप्त्यांचा हिशेब करणारा प्रोग्रॅम लिहितो आणि त्याने आयुष्यात एकही लॅपटॉप उघडलेला नसतो. पण ‘आयटीत आहे’ एवढ्यावर घरातला प्रिंटर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आणि आत्याचा मोबाइल ही खाती त्याच्याकडे आपोआप आलेली असतात.

“मामा, रॅम किती आहे?”

“पाचशे बारा.”

“ती एसएसडी झाली. रॅम सांग, रॅम.”

“अरे, स्टिकरवर तेवढंच लिहिलंय. जास्तच आहे की मग!”

या संवादानंतर मामा सहसा लग्नातले आणि बारशातले फोटो डिलीट करायला बसतात. ओटा रुंद व्हावा म्हणून माळा आवरण्यासारखाच हा उपाय आहे. फोटो जातात, लॅपटॉप होता तिथेच राहतो आणि मामींचे बोलणे काही दिवस बंद होते.

रॅमची स्मरणशक्ती मुळातच नाजूक. आयबीएममधले अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांनी एका ट्रान्झिस्टरला एक इवलासा कपॅसिटर जोडून त्यात एक बिट साठवण्याची युक्ती काढली. तिचे पेटंट १९६८ साली मिळाले आणि आजचे लॅपटॉपही त्याच युक्तीवर चालतात. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. पंचाईत अशी, की हा कपॅसिटर गळका असतो. भरलेली घागर आपोआप रिती होऊ लागते, म्हणून ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. आठ जीबीच्या रॅममध्ये अशा सुमारे ६,८७२ कोटी घागरी असतात आणि डीडीआर ४ जातीच्या रॅममध्ये त्यांतली प्रत्येक नेहमीच्या तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा, तपासून भरली जाते. या क्रियेला रिफ्रेश म्हणतात. वीज गेली की घागरी भरणारे हात थांबतात आणि सगळे विसरले जाते. अर्थात तत्क्षणी नव्हे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले, की चिप गार केली तर वीज तोडल्यावरही काही मिनिटे तिला बरेच आठवत राहते. त्यासाठी त्यांनी धूळ उडवायच्या हवेचा डबा उलटा धरून चिपवर फवारला होता. माणसांतल्या विसरभोळेपणावर हा प्रयोग करू नये.

रॅम अपुरी पडल्याचे पहिले लक्षण लॅपटॉपवर न दिसता माणसावर दिसते. धारक माउसचे बटण अधिक जोराने दाबू लागतो. एकदा दाबून काही घडले नाही म्हणून सात वेळा दाबतो, आणि दोन मिनिटांनी तीच फाइल सात वेळा उघडते. त्यापाठोपाठ येतो भारतीय संगणक संस्कृतीतला एक अस्सल विधी. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी उजवे बटण दाबून ‘रिफ्रेश’ निवडायचे. एकदा नव्हे, अकरा, एकवीस, जमेल तितक्या वेळा. सायबर कॅफेंच्या काळात ही दीक्षा एका पिढीने दुसरीला दिली. या रिफ्रेशने पडद्यावरची चित्रे फक्त नव्याने काढली जातात. रॅमचा आणि त्याचा संबंध नावापुरताच. खरे रिफ्रेश आतमध्ये सेकंदाला पंधरा वेळा न सांगता चाललेले असते, पण त्यात धारकाच्या हाताला काही काम नसल्यामुळे त्याचे समाधान होत नाही.

पुढचे उपचार ठरलेले आहेत. कोणीतरी व्हायरसचे निदान करतो. कोणीतरी ‘फॉरमॅट मार’ म्हणतो. क्रिकेटमधल्या ‘उचलून मार’सारखा हा सल्ला बाहेर बसलेल्यांकडूनच येतो. स्क्रीन ओल्या फडक्याने पुसून पाहणारेही आहेत. या सगळ्यांत गुण येतो तो बंद करून पुन्हा चालू करण्याने, आणि त्याचे कारण साधे आहे: तेवढ्यापुरता ओटा रिकामा होतो. ज्या कुटुंबात रोज संध्याकाळी लॅपटॉप बंद करण्याची शिस्त असते त्यांना रॅम वाढवण्याची गरज उशिरा कळते. झाकण मिटून ‘बंद केला’ म्हणणाऱ्यांना ती लवकर कळते, कारण झाकण मिटल्याने लॅपटॉप झोपतो आणि झोपेतही सगळा पसारा ओट्यावर तसाच असतो.

हा पसारा प्रामुख्याने ब्राउझरच्या टॅबांचा. एके काळी एक पान उघडले की आधीचे जात असे. आता प्रत्येक टॅब म्हणजे जवळजवळ वेगळे बिऱ्हाड असते. एकाने मान टाकली तर शेजाऱ्याला धक्का लागू नये म्हणून ब्राउझर बहुतेकांना स्वतंत्र प्रक्रिया देतो आणि प्रत्येक बिऱ्हाड आपापली चूल मांडते. सामान्य घरातल्या लॅपटॉपवर विजेच्या बिलाचा टॅब, गेल्या मे महिन्यातल्या कोकण रेल्वेच्या गाड्यांचा टॅब, अळूवडीची कृती, सातबारा उतारा, अर्धवट भरलेला फॉर्म आणि ‘लॅपटॉप फास्ट कसा करावा’ हा बेचाळीस मिनिटांचा व्हिडिओ एकाच वेळी उघडे असतात. यांतला एकही बंद करता येत नाही, कारण ‘लागेल’. माळ्यावरच्या पितळी बंबाबाबतही कुटुंबाचे धोरण हेच असते.

ओट्यावर जागा संपली की ऑपरेटिंग सिस्टीम तूर्त न लागणाऱ्या वस्तू कोठीत नेऊन ठेवते आणि लागल्या की परत आणते. ही व्यवस्था हुशारीची आहे. खरे दुखणे अंतराचे आहे. ओट्यावरची मिठाची बरणी उचलायला एक सेकंद लागतो असे मानले, तर त्याच प्रमाणात एसएसडीवरून मीठ आणायला साधारण पाव तास लागतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला एक दिवसाहून अधिक. म्हणून २०१५च्या आसपासच्या लॅपटॉपवर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तरी घरच्यांना नवे यंत्र आणल्यासारखे वाटते. रॅमचा क्रम खरे तर त्यानंतर लागतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो; रोजचे काम चालू असताना तिथे मेमरीचा आकडा सतत ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल तर रॅम कमी पडते आहे. तो पन्नासवर असेल तर दोष इतरत्र आहे आणि नवी रॅम घालून फक्त दुकानदाराचे भले होईल. त्याच पानावर रॅमच्या किती खाचा वापरात आहेत तेही लिहिलेले असते. भाच्याने हे सांगितलेले असते, पण फोनवर, आणि मामा तेव्हा ‘हो, हो’ म्हणाले होते.

निदान झाल्यावर रोगी शस्त्रक्रियेला लायक आहे का हे पाहावे लागते. पुष्कळ लॅपटॉपांत रॅम बदलताच येत नाही, कारण ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. २००८च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी खाकी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्याच्या बारीकपणाला. त्यातली दोन जीबी रॅम बोर्डाला कायमची चिकटलेली आहे, यावर कोणी टाळी वाजवल्याचे आढळत नाही. २०२०मध्ये आलेल्या ॲपलच्या एम १ने तर रॅम प्रोसेसरच्याच वेष्टनात नेऊन बसवली. अशा यंत्रात किती रॅम पुरेल हे विकत घेतानाच ठरवावे लागते, म्हणजे पत्रिका जुळवून, एकदाच आणि आयुष्यभरासाठी.

यामागे केवळ कंपन्यांचा कावा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो मुळीच नाही असे म्हणणेही भाबडेपणाचे होईल. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर जातीची रॅम मूळची मोबाइलसाठी बनली. तिला प्रोसेसरच्या अगदी कुशीत, आखूड तारांवर बसावे लागते. मध्ये खाच आणि लांब वळणाची वाट आली की तिचे अतिवेगवान संदेश अडखळतात. त्यात सोल्डर केल्याने जाडी वाचते आणि बॅटरी टिकते. ग्राहकाने पुढच्या वर्षी स्वस्तात रॅम घेण्याची शक्यता मिटते, हा फायदा माहितीपत्रकात छापलेला नसतो. मधला मार्ग म्हणून स्क्रूने दाबून बसवायची चपटी कॅम नावाची पट्टी डेल कंपनीने २०२२मध्ये आणली आणि २०२३च्या डिसेंबरात जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने तिची कॅम २ ही प्रमाणित आवृत्ती प्रसिद्ध केली. ती घरोघर पोहोचेपर्यंत मामांचा लॅपटॉप भंगारात गेलेला असेल.

खाच असलेल्या लॅपटॉपासाठी कोणती पट्टी आणायची, हा पुढचा प्रश्न. इथे पिढ्यांचा मामला आहे आणि पिढ्यांचे एकमेकींशी पटत नाही. लॅपटॉपातल्या डीडीआर ३च्या पट्टीला २०४ पिना असतात, डीडीआर ४च्या पट्टीला २६०, डीडीआर ५च्या पट्टीला २६२. डीडीआर ३ दीड व्होल्टवर चालते, तिची काटकसरी बहीण डीडीआर ३एल १.३५वर, डीडीआर ४ १.२वर आणि डीडीआर ५ १.१वर. पिढीगणिक खुराक कमी आणि धावपळ जास्त. चुकीची पट्टी चुकीच्या जागी बसू नये म्हणून प्रत्येक पिढीत कडेची चीर किंचित सरकवलेली असते. ही चीर म्हणजे अभियंत्यांनी जगभरच्या मामांना केलेली नम्र विनंती आहे. ती डावलून अंगठ्याच्या जोरावर पट्टी बसवण्याचे प्रयत्न झालेले आहेत आणि त्यांतून लॅपटॉप दुरुस्तीच्या व्यवसायाला हातभार लागलेला आहे.

पिढी जुळली तरी वेग राहतोच. एका खाचेत ३२००ची आणि दुसरीत २४००ची पट्टी असेल तर दोन्ही सहसा २४००ने चालतात. पंढरीच्या वाटेवर आजी बरोबर असली की नातवाला आपली चाल विसरावी लागते, तसेच. आठ जीबीची एकच पट्टी घालण्यापेक्षा चार-चारच्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण त्यामुळे प्रोसेसरला दोन वाटा मिळतात. एका शेगडीवर सगळा स्वयंपाक उरकणे आणि दोन शेगड्या पेटवणे यात जो फरक तोच हा. मात्र खाचा दोनच असतील तर पुढे वाढवायला जागा राहत नाही, आणि दोन शेगड्यांवर समाधान मानायचे की एक जागा नव्या सुनेसाठी मोकळी ठेवायची, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. जुन्या ३२ बिट विंडोजवर मात्र हा विचार करू नये. ३२ बिटांत चार जीबीपलीकडचा पत्ताच लिहिता येत नाही. तिथे आठ जीबी बसवणे म्हणजे पोस्टमनला माहीत नसलेल्या गल्लीत घर बांधणे.

खरेदीसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाण्याची प्रथा आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता. अधिकृत नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. टॅक्सीवाल्याला अधिकृत नाव सांगितले तर तो आदराने ऐकून घेतो आणि मग “म्हणजे लॅमिंग्टन ना?” असे विचारतो. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाताना दोन्ही बाजूंना वायर, चार्जर, कॅमेरे आणि जिन्याखाली जेमतेम एक माणूस मावेल अशी दुकाने लागतात. दिल्लीत नेहरू प्लेस, बेंगळुरूत एस. पी. रोड आणि चेन्नईत रिची स्ट्रीट ही याच पंथाची क्षेत्रे. ऑनलाइन तीच पट्टी घरपोच मिळते, पण तिथे दुकानदाराशी बोलता येत नाही आणि रॅमखरेदीतला शिक्षणाचा भाग तोच असतो.

“लॅपटॉपची पाहिजे की डेस्कटॉपची?”

“लॅपटॉपची.”

“डीडीआर थ्री, फोर की फाइव्ह?”

“चांगल्यातली द्या.”

दुकानदार एक क्षण थांबतो. साडी, बासमती आणि चहा या व्यवहारांत ‘चांगल्यातली द्या’ला अर्थ आहे, इथे सर्वांत चांगली पट्टी मामांच्या लॅपटॉपात शिरणार नाही. “जुनी काढून आणलीय का?” असे तो विचारतो. तीच खरी रीत. जुन्या पट्टीवरच्या स्टिकरवर पिढी, आकार आणि वेग सगळे छापलेले असते आणि ती समोर धरली की दोघांनाही काही बोलावे लागत नाही. जुनी काढता येत नसेल तर लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल नाव आणावे. ‘तो काळा, थोडा जाड’ एवढ्या वर्णनावर रॅम मिळत नाही. मोल ठरल्यावर दुकानदार पट्टीवर स्वतःचे इवलेसे स्टिकर लावतो आणि बजावतो, “हे निघालं तर वॉरंटी गेली.” पट्टी बनवणारी कंपनी समुद्रापलीकडे असते, तिच्या शब्दाची खात्री महिन्यांचे आकडे छापलेल्या त्या नखाएवढ्या कागदावर उभी असते.

मोलाबद्दल मात्र दुकानदाराचा दोष काढण्यात अर्थ नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात आणि तिचा भाव लासलगावच्या कांद्यासारखा चालतो. भाव चढला की सगळे कारखाने वाढवतात, मग माल उदंड होतो, भाव पडतो, सगळे उत्पादन आवरतात आणि भाव पुन्हा चढतो. २०१३च्या सप्टेंबरात चीनमधल्या वूशी येथे हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली आणि रॅम जगभर महागली. २०२५च्या अखेरीस आग न लागताच भाव भडकला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरीची प्रचंड भूक लागली, कारखाने त्यांच्या पंक्तीला वाढू लागले आणि बाहेर पंगतीत बसलेल्यांच्या पानात कमी पडले. ज्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेला आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता, त्यांनीही तिचे बिल लॅमिंग्टन रोडवर भरले.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया घरी करता येते. लॅपटॉप बंद करायचा, म्हणजे खरोखर बंद करायचा. चार्जर काढायचा, टेबलावर तो पालथा घालायचा आणि झाकणाचे स्क्रू काढायचे. हे स्क्रू दिसतात तितकेच नसतात. एक-दोन रबरी पायांखाली लपलेले असतात. ते राहून गेले तर झाकण तीन कोपऱ्यांत उघडते आणि चौथ्यात ठाम राहते, आणि तिथे जोर लावल्यावर जो आवाज येतो तो विसरायला रॅमपेक्षा जास्त वेळ लागतो. उलट काही स्क्रू मुद्दाम झाकणालाच अडकवून ठेवलेले असतात. ते कितीही फिरवले तरी हातात येत नाहीत, आणि हे ठाऊक नसलेला माणूस त्यांच्यावर सकाळ घालवतो. स्क्रूंची लांबी जागेप्रमाणे वेगवेगळी असते. म्हणून एका कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवावा असे दुरुस्ती पुस्तिका सांगतात. मराठी घरात ते सगळे एका वाटीत टाकतात.

झाकण स्क्रूंखेरीज कडेच्या प्लॅस्टिकच्या आकड्यांवरही बसलेले असते. ते सोडवायला खास पातळ पट्टी मिळते. ती नसल्यास मुदत संपलेले एटीएम कार्ड उत्तम. (मुदत संपली आहे ना, हे आधी पाहावे.) कार्ड फटीत घालून कडेकडेने सरकवले की टक्, टक्, टक् असा आवाज होतो. हा आवाज योग्य आहे. बघ्यांपैकी एखादी आजी “मोडलं!” म्हणते. मोडलेले नसते.

आत गेल्यावर प्रथम दिसते ती रॅम नव्हे, तर धूळ. पंख्याच्या जाळीवर तिची गोधडीच विणली गेलेली असते. या प्रसंगाने ती साफ होते, प्रोसेसर गार राहू लागतो, तापला की वेग कमी करण्याची त्याला गरज उरत नाही, आणि पुढे लॅपटॉप सुसाट चालला की सगळे श्रेय नव्या रॅमला जाते. बॅटरीची जोडणी बोर्डापासून अलगद सोडवावी आणि चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला प्रवाह निघून जातो. अंगातली स्थिर वीजही उतरवायला हवी. सुमारे तीन हजार व्होल्टच्या आतली ठिणगी माणसाला जाणवतसुद्धा नाही. चिप मरायला त्याहून पुष्कळ कमी पुरते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात दमट हवाच हे काम फुकट करते. नागपूरच्या कोरड्या थंडीत ॲक्रिलिकचा स्वेटर घालून सतरंजीवर बसून रॅम बदलणे टाळावे. एखाद्या धातूच्या मोठ्या वस्तूला, म्हणजे गोदरेजच्या कपाटाच्या रंग उडालेल्या कोपऱ्याला, आधी हात लावावा.

जुनी पट्टी दोन्ही बाजूंच्या चिमट्यांत बसलेली असते. चिमटे बाहेर ओढले की ती आपण होऊन तिरकी उठते. नवख्याला ती आपल्याकडे पाहायला उठली असे वाटते. नवी पट्टीही तशीच तिरकी, तीसेक अंशात, चीर जुळवून आत सारायची आणि मग खाली दाबायची. चिमटे टक्कन बसले पाहिजेत. बहुतेक चुका या एका पायरीवर होतात: पट्टी पुरेशी आत न जाताच खाली दाबली जाते, कारण इतक्या महागाच्या आणि इतक्या नाजूक वस्तूवर जितका जोर लावायला मन धजत नाही तितका जोर लावावा लागतो. सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी झाली म्हणजे समजावे.

सोनेरी कडेचा विषय निघाला म्हणजे खोडरबराचे स्थान सांगितले पाहिजे. लॅपटॉप चालू होईना, की गल्लीतला कारागीर रॅम काढतो, शाळेतला पांढरा खोडरबर घेतो, तिची कड चारदा घासतो, फुंकर मारतो आणि पुन्हा बसवतो. पुष्कळदा लॅपटॉप खरोखर चालू होतो. कडेवरचा मळ निघालेला असतो, आणि कित्येकदा नुसते काढून बसवल्यानेच संपर्क जुळलेला असतो. सोन्याचा थर फार पातळ असल्याने रोज घासणे बरे नव्हे. तरी हरवलेली स्मृती परत आणायला खोडरबर लागतो, ही गोष्ट परदेशी पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती.

आता पहिली सुरुवात. बटण दाबले की पडदा काळा राहतो. तसाच राहतो. नवी रॅम बसल्यावर, विशेषतः डीडीआर ५मध्ये, यंत्र तिच्याशी ओळख करून घेते. कोणत्या तारेवर संदेश किती उशिरा येतो हे एकेक करून तपासते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि ते कधी कधी काही मिनिटे चालते. विवाह जुळवताना पहिल्या भेटीला एवढा वेळ देणारी मंडळी इथे तीस सेकंदांत बटण दाबून यंत्र बंद करतात, पुन्हा सुरू करतात आणि ओळख पुन्हा पहिल्यापासून चालू होते. मात्र यंत्र ठरावीक लयीत टीं-टीं करू लागले किंवा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकू लागला, तर ते थांबा म्हणत नसून पट्टी नीट बसली नाही असे सांगत असते. तेव्हा वाटीतले स्क्रू लावायची घाई कोणी केली नसेल तर बरे. अनुभवी माणूस झाकण नुसते ठेवतो आणि पडदा उजळल्यावरच पहिला स्क्रू उचलतो.

पडदा उजळतो. सोळा जीबी बसवल्यावर विंडोज सांगते, सोळा जीबी, त्यातले वापरण्याजोगे १५.७. दुधात पाणी घालणाऱ्या जगात वाढलेल्या माणसाला लगेच दुकानदार आठवतो. पण त्याने काही काढून ठेवलेले नसते. पडद्यावरची चित्रे काढणारा ग्राफिक्सचा भाग स्वतःच्या ओट्याविना संसार करत असतो आणि थोडी जागा यातूनच घेतो. एखाद्या रात्री मेमटेस्टसारखा प्रोग्रॅम लावून ठेवून पट्टीची परीक्षा घ्यावी, कारण सदोष रॅमच्या चुका फार अधूनमधून आणि भलत्याच ठिकाणी दिसतात. चांगल्या रॅममध्येही क्वचित एखादा बिट आपण होऊन उलटतो. बेल्जियममधल्या स्कारबेक येथे २००३च्या निवडणुकीत एका उमेदवाराला संगणकाने नेमकी ४,०९६ मते जास्त दिली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, तेव्हा मेमरीतला एकच बिट पालटला असावा असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. अंतराळातून आलेल्या किरणांवर संशय घेतला गेला. मते वाढण्याची इतकी निष्पाप उदाहरणे राजकारणात थोडी.

नंतरचा आठवडा आनंदात जातो. टास्क मॅनेजरमध्ये मात्र एक चमत्कार दिसतो: आठ जीबी असताना पाच वापरात होती, सोळा झाल्यावर तेच प्रोग्रॅम सात वापरतात. ऑपरेटिंग सिस्टीम मोकळी रॅम वाया जाऊ देत नाही. लागेलसे वाटते ते आधीच आणून मांडून ठेवते. बाहेरून येणारे प्रोग्रॅमही मोठ्या घरात आलेल्या पाहुण्यांसारखे पाय पसरतात. विंडोज ९५ला किमान चार एमबी रॅम पुरे असे सांगितले जाई. २०२१च्या विंडोज ११ला किमान चार जीबी लागते. म्हणजे सव्वीस वर्षांत १,०२४ पट, आणि दोन्हींवर मामा पत्रच टाइप करतात. टॅबांची संख्या महिन्याभरात सत्तावीसवर जाते. त्यांत कोकण रेल्वेचा टॅब तोच असतो.

राहता राहिली जुनी पट्टी. ती चालते, म्हणून टाकवत नाही. चार जीबीची आहे, म्हणून कोणी घेत नाही. भाच्याला विचारले तर तो “ठेव, लागेल” म्हणतो. नव्या पट्टीच्या चंदेरी पिशवीत घालून ती टीव्हीखालच्या खणात जाते. तिथे दोन बंद पडलेले मोबाइल, कशाची ते न आठवणाऱ्या किल्ल्या, सिमकार्ड काढायची पिन आणि तीन प्रकारचे चार्जर असतात. झाकण नीट बसल्यावर वाटीत जो एक स्क्रू उरतो, तोही तिच्याबरोबर त्याच पिशवीत ठेवतात.